मिरच्यांचा आठवडा

आईने घरात दृष्ट काढली की ठसका वरच्या मजल्यावरच्या आंटीजींना लागायचा. आम्हांला कधीच नाही. मिरच्या जाळल्यावर खोकला आला नाही तर दृष्ट खरी, आणि ठसका लागला तर नुसता संशय, असं आमच्या साताऱ्याकडे मानतात. त्यावरून आईने ठरवून टाकलं होतं की तिच्या थोरल्या लेकीला, म्हणजे मला, फार जबर दृष्ट लागते. बाल्कनीतला धूर सरळ वर चढतो आणि आंटीजींच्या खिडकीतून आत शिरतो, हे तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. एक आंटीजी सोडून.

हे सगळं लिहावं की नाही, मला अजून नीट कळत नाही. आमच्या घरात ज्या गोष्टीचं नावसुद्धा घेत नाहीत, तिच्याबद्दल हे आहे. पण वर्गातल्या दोघीतिघींना सांगितलं तेव्हा एक जण हळूच म्हणाली, "यार, मेरा भी." म्हणून लिहिते.

माझे वडील फौजेत हवालदार आहेत. चंदीगडला बदली झाली तेव्हा क्वार्टरच्या यादीत नंबर लागायला वेळ होता, म्हणून आम्ही शहराच्या कडेच्या जुन्या वस्तीत, मनीमाजऱ्यात, दोन खोल्या भाड्याने घेतल्या. चंदीगड म्हटलं की गावाकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर रुंद रस्ते आणि फुलांनी भरलेले चौक येतात. ते सगळं खरं आहे, पण ते सेक्टरांत. मनीमाजऱ्यात गल्ल्या आहेत, गल्लीत पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे, त्या दुकानावर आम्ही आणि आमच्यावर आंटीजी. आंटीजी म्हणजे घरमालकीण. एकट्या राहतात, गुडघे दुखतात म्हणून खाली फारशा उतरत नाहीत, आणि त्यामुळे गल्लीतलं सगळं त्यांना वरूनच कळतं.

वडील दहावी झाल्यावर भरती झाले. आईची शाळा सातवीत सुटली. आमच्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली. ही गोष्ट वडील गावाकडच्या प्रत्येक फोनवर सांगायचे. "थोरली बी.ए. करतीय, भूगोलात, इंग्लिश मीडियम," असं म्हणून ते जरा थांबायचे, पलीकडून काय येतंय ते ऐकायला. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकायचे आणि डिक्शनरी उघडायचे. कारण इंग्लिश मीडियम मला झेपत होतं की नाही, हे आठवड्यावर अवलंबून होतं.

बहुतेक दिवस झेपायचं. मी सकाळी डबा घेऊन लोकल बस पकडायचे. कॉलेजात पहिल्या वर्षी सगळ्यांनी मला "मद्रासी हो?" असं विचारून घेतलं. मी "महाराष्ट्र से" म्हटलं की ते "अच्छा, बंबई!" म्हणायचे. मी मुंबई फक्त गाडीतून पाहिली होती, पण दर वेळी कुठे समजावत बसायचं? नंतर नंतर मी मान डोलवायला लागले. मॅडम नद्यांची वळणं फळ्यावर इतकी छान काढायच्या की मला वाटायचं, आपण हेच करायचं, असंच फळ्यासमोर उभं राहायचं.

आणि मग काही दिवस यायचे.

त्या दिवसांत काय व्हायचं ते सांगायला मला नेहमी जड जातं, कारण सांगायला गेलं की ते फार किरकोळ वाटतं. बसमध्ये कंडक्टर "आगे हो जाओ जी" म्हणाला म्हणून मी स्टॉप येईपर्यंत रडले आहे. धाकटी बहीण पापड खात होती त्या आवाजावरून मी तिच्यावर इतकी ओरडले की तिने उरलेला पापड ताटात ठेवून दिला. फळ्यावरची नदी तीच असायची, पण मॅडमचं इंग्रजी अचानक बंद दारामागून यायला लागायचं. वाटायचं, या वर्गातल्या सगळ्यांना ठाऊक आहे की मी इथे चुकून आले आहे, आणि ते फक्त चांगले लोक आहेत म्हणून बोलत नाहीत.

आणखी एक विचार यायचा. तो रडत, ओरडत यायचा नाही. मी भांडी घासत असताना किंवा बसची वाट बघत असताना तो शांतपणे येऊन शेजारी बसायचा: मी नसते तर कुणाचं काय अडलं असतं? मला तेव्हा वाटायचं, असा विचार सगळ्यांनाच येत असेल. मी कुणाला विचारलं नाही.

आईला माझं तोंड बघूनच कळायचं. "कुनाची नजर लागली गं माज्या लेकराला," असं म्हणत ती खाली इस्त्रीवाल्याकडे जायची आणि त्याच्या इस्त्रीतले दोनचार निखारे जुन्या लोखंडी कढईत घालून आणायची. इस्त्रीवाल्याला वाटायचं, हा आमच्या देवाचा काहीतरी नेम आहे. तो श्रद्धेने चांगले फुललेले निखारे निवडून द्यायचा. मग तिन्हीसांजेला मला दाराकडे तोंड करून बसवायचं, मुठीत मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या घ्यायच्या आणि उतरवायला सुरुवात करायची. गावाकडची दृष्ट आईने चंदीगडच्या मानाने वाढवून घेतली होती.

"आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, बसमधल्याची, कॉलेजातल्याची, त्या आयटी पार्काच्या पोरींची..."

"आई, आयटी पार्कवाली दीदी लोग तो इसको जानती भी नहीं," बहीण म्हणायची. ती आठवीत आहे. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं.

"वळकत न्हाईत म्हनूनच लागती. वळखीच्याची न्हाय लागत. गप बस."

मग सगळं निखाऱ्यांवर पडायचं, तडतड आवाज व्हायचा, धूर बाल्कनीतून वर जायचा, आणि आई विजयाने आमच्याकडे बघायची. "बघितलंस? येक ठसका आला न्हाय. कसली जबर लागली व्हती!" वरून त्याच वेळी धाडकन खिडकी लावल्याचा आवाज यायचा. तो आम्हांला ऐकू यायचा, पण त्याचा याच्याशी काही संबंध असेल असं मनात आलं नाही.

आणि गंमत म्हणजे दृष्ट लागू पडायची. दर वेळी. दोन दिवसांत, तीन दिवसांत मी ठीक व्हायचे. सकाळी उठले की छातीवरचं ओझं गेलेलं असायचं. माझी पाळी आली की आई मला बाजूला बसवायची. गावी होतं तेवढं कडक नाही, पण स्वयंपाकघरात जायचं नाही, देवाच्या फळीला शिवायचं नाही, झोपायला खिडकीजवळची वेगळी खाट. ती खाट मला फार आवडायची. तिच्यावर बसून मी नकाशे रंगवायचे, गाणी गुणगुणायचे, बहिणीला चिडवायचे. आई लांबून बघून म्हणायची, "उतरली. पार उतरली."

तुम्हांला हे वाचताना एव्हाना कळलं असेल. आम्हांला कळलं नव्हतं. आमच्याकडे पोट दुखलं तर ते पाळीमुळे आणि मन दुखलं तर ते स्वभावामुळे, अशी सरळ वाटणी होती.

गोष्ट फक्त रडण्यापुरती असती तर अशीच चालली असती. पण त्या दिवसांत मी घरी जाहीर करायचे की मला कॉलेज सोडायचं आहे. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा वडील म्हणाले, "बघू." मग मी बरी झाले आणि कुणी विषय काढला नाही. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ते बराच वेळ बूट पॉलिश करत बसले. तिसऱ्यांदा मी जेवणाचं ताट सरकवून म्हणाले, की मला गावाला पाठवा, काकूकडे राहीन, पोस्टातलं काही काम मिळालं तर करीन, पण मला उद्यापासून त्या बसमध्ये बसवू नका.

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"एकदा बोललीस, मी म्हटलं थकली आसंल. दोनदा बोललीस, म्हटलं विचार करतीय. तिसऱ्यांदा बोललीस म्हंजे पक्कं हाय. आमच्याकडं तिसऱ्यांदा इच्यारत न्हाईत."

चार महिन्यांनी गावची जत्रा होती. वडिलांनी रजा मंजूर करून घेतली आणि त्या आठवड्यातच गाडीचं रिझर्व्हेशन केलं. जाताना दोघांचं, येताना एकाचं.

मग मी बरी झाले. खिडकीजवळच्या खाटेवर बसले, बाहेर स्वच्छ ऊन होतं, आणि मला कॉलेज सोडायचं नव्हतं. अजिबात नव्हतं. मला ती फळ्यावरची नदी पाहिजे होती. पण हे आता कुठल्या तोंडाने सांगायचं? वडिलांनी साहेबांकडून रजा घेतली होती, काकांना फोनवर कळवलं होतं. त्या फोनवर ते "थोरली बी.ए. करतीय" असं म्हणाले नव्हते. म्हणाले होते, "थोरलीला तिकडं आणतोय, न्हाय मानवलं तिला." आणि समजा मी सांगितलं की मला शिकायचं आहे, तर पुढच्या वेळी तीच मी उलटं बोलणार नाही कशावरून? रडणारी म्हणते सोडायचं, गाणारी म्हणते शिकायचं. यातली मी कोणती, हे मलाच ठाऊक नव्हतं. ज्या मुलीला स्वतःचंच खरं वाटत नाही, तिच्यावर घरच्यांनी का विश्वास ठेवावा? म्हणून मी गप्प राहिले. तिकिटं देवाच्या फळीवर अंगाऱ्याच्या पुडीखाली ठेवलेली होती.

पुढचा महिना आला, ते दिवस आले, आईने निखारे आणले. त्या संध्याकाळी धाडकन खिडकी लागल्याचा आवाज आला नाही. त्याऐवजी जिन्यावर काठी वाजायला लागली. एक पायरी, काठी, एक पायरी, काठी. आणि दारात आंटीजी, ओढणी नाकाला लावलेली, डोळे लालभडक.

"मिर्ची!" एवढंच त्या म्हणाल्या आणि खोकत खाली बसल्या.

आईचं हिंदी अडचणीच्या वेळी जास्तच अडतं. "आंटीजी, वो... बेटी को दृष्ट... नजर लगी है नजर."

"नजर तुम्हारी कुडी को लगती है और खांसी मुझे होती है? ये कहां का इन्साफ है? मैं बोलती नहीं थी. किरायेदार भले लोग हैं, फौजी हैं, चलो, मिर्ची जलाते हैं, जलाएं. पर हर महीने? हर महीने जी!"

"हर महीने लगती है," आई म्हणाली. तिला तो पुरावाच वाटला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, वरच्या बाईला बी म्हाईत हाय. दर म्हैन्याला कुनीतरी नजर लावतंय."

आंटीजी पाणी प्याल्या, त्यांनी श्वास घेतला आणि आईकडे असं बघितलं, जसं मॅडम आमच्याकडे बघतात. "भैनजी, मैं ऊपर बैठी सब सुनती हूं. चार दिन ये रोती है. फिर मिर्ची. फिर दो दिन बाद गाने गाती है. नजर भी क्या पीरियड की तरह महीने के महीने आती है?"

आईने घाईघाईने दाराकडे बघितलं, वडील येत तर नाहीत ना म्हणून. तो शब्द आमच्या घरात असा मोठ्याने कुणी म्हटला नव्हता.

आणि माझी बहीण, जी कोपऱ्यात गणितं करत होती, वहीतून मान वर न काढता म्हणाली, "सही बोल रही हैं आंटीजी. हर बार मिर्ची के बाद मेरे बर्तन शुरू हो जाते हैं."

मी बाजूला बसले की भांडी तिच्याकडे जायची. त्यामुळे माझ्या पाळीचा अंदाज घरात सगळ्यात पक्का तिला होता. मिरच्यांचा वास आला की ती समजायची, आता दोनतीन दिवसांत आपल्यावर संकट. तिला वाटत होतं, हे सगळ्यांना माहीतच आहे.

मी दाराकडे तोंड करून पाटावर बसले होते. डोक्यावर मीठमोहरी सांडलेली. आणि मला एकदम दिसलं. आई पाळीत दृष्ट काढत नाही. बाजूला बसलेलीला दिवा दाखवत नाहीत, मग तिच्यावरून उतरवणार काय? म्हणजे दृष्ट निघायची ती पाळीच्या आधीच. दर वेळी आधीच. मग पाळी यायची, मी बरी व्हायचे, आणि नाव मिरच्यांचं व्हायचं. बरं करणारी गोष्ट आम्ही खिडकीजवळच्या खाटेवर बाजूला बसवून ठेवली होती.

"मेरा भी ऐसा था," आंटीजी उठताना म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "मेरी सास कहती थी, ड्रामा करती है. मैं भी समझती थी, ड्रामा ही होगा. तू डाक्टर को दिखा, पुत्त. मिर्ची दाल में डाल."

डॉक्टरकडे जायचं म्हटल्यावर आई घाबरली. रडण्याचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर, आणि गावाकडे कळलं तर? वडिलांना तिने अर्धवट सांगितलं, मधला शब्द गाळून. वडिलांना त्या गाळलेल्या जागेत काय आहे ते कळलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "आमच्याकडं गुडघ्याचा डॉक्टर असतो तसा डोक्याचा बी असतो. जवान जातात. मी घिऊन जातो."

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्ही सकाळपासून रांगेत होतो. डॉक्टर बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या, टेबलावर अर्धं खाल्लेलं सफरचंद. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पीरियड पिछली बार कब आया था?"

वडील ताडकन उभे राहिले. "मैं... पानी लेके आता हूं," म्हणाले आणि निघून गेले. आमच्याकडे पाण्याची बाटली होती.

मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. कंडक्टर, पापड, फळ्यावरची नदी, मिरच्या. मिरच्यांच्या वेळी त्या हसल्या, पण मला वाईट वाटलं नाही. मग शेजारी येऊन बसणाऱ्या त्या विचाराबद्दल सांगितलं. तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, की स्वतःला काही करून घ्यावं असं वाटतं का, तसं काही मनात ठरवलं आहे का. मी म्हटलं, ठरवलं नाही, पण तो विचार येतो. त्या म्हणाल्या, हे घरी कुणाला तरी माहीत असलं पाहिजे, आणि मला विचारून त्यांनी वडिलांना आत बोलावलं. वडील पाण्याच्या तीन बाटल्या घेऊन आले. त्या मांडीवर ठेवून त्यांनी सगळं ऐकलं.

डॉक्टर म्हणाल्या, अजून दोन पाळ्या बघू या. रोज संध्याकाळी दिवस कसा गेला ते फोनमध्ये एका ओळीत लिहायचं. तोपर्यंत तो विचार आला तर एकटीने बसायचं नाही, आणि फार झालं तर वाट न बघता सरळ इथे यायचं. पाळीआधी चिडचिड खूप जणींना होते, त्या म्हणाल्या, पण कुणाकुणाचं त्या दिवसांत अख्खं आयुष्य अडतं. तो आजार असतो. तो स्वभाव नसतो आणि ड्रामाही नसतो. शरीरातले हार्मोन सगळ्यांचेच वरखाली होतात, काही जणींच्या मेंदूला तो बदल जास्त लागतो. एवढंच. मी मान डोलवत होते आणि मनात आंटीजींच्या सासूबाईंशी भांडत होते.

परतताना वडिलांनी रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाच्या गाड्यापाशी स्कूटर थांबवली. आम्ही दोघं उभे राहून रस प्यालो.

"तसं वाटलं की मला फोन करायचा," ते म्हणाले. "ड्युटीवर आसलो तरी."

"ड्युटीवर तुम्ही फोन उचलत नाही."

"उचलीन." मग रसवाल्याला म्हणाले, "भाई, एक और देना. अदरक वाला."

घरी आईला कळलं तेव्हा ती स्वयंपाक करत होती. पोळपाटावर चपाती लाटत राहिली, ती चपाती पातळ होत होत फाटली. मग एकदम माझ्यावर ओरडली, "तू नसतीस तर कुनाचं काय आडलं आसतं म्हने! ह्या परक्या मुलखात मी कुनासंगं बोलले आसते गं? ह्या तुज्या भैनीसंगं? ती तर हिंदी बोलती!"

"मैं मराठी समझती हूं," बहीण म्हणाली, आणि आम्ही तिघी हसायला लागलो, आईचं रडणं त्यातच झालं.

दोन पाळ्या गेल्या. फोनमधल्या ओळी बघून डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. ते लांबलचक आहे आणि मराठीत त्याला चांगलंसं नाव मला अजून सापडलेलं नाही. थोडक्यात, पाळीआधी येणारं आणि पाळी आली की ओसरणारं नैराश्य. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात मळमळलं, मग थांबलं. रोज चालायला सांगितलं म्हणून मी दोन स्टॉप आधी उतरायला लागले. एक दिवसात सगळं छान झालं असं नाही. पण शेवटी उठताना डॉक्टर म्हणाल्या ते मी घट्ट धरून ठेवलं. त्या म्हणाल्या, "बडे फैसले उन दिनों में मत करना. कल पर टाल दो. टालना सीखो."

मी इतकी वर्षं ऐकत आले होते की आजचं काम उद्यावर टाकू नये. इथे डॉक्टर चिठ्ठीवर लिहून दिल्यासारखं सांगत होत्या, की टाका.

जत्रा जवळ आली होती. तिकिटं फळीवरच होती. माझी पाळी येऊन गेली, मी खाटेवरून उठले, आंघोळ केली आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिले. ते कमरेच्या पट्ट्याचं बक्कल घासत होते. आता ते "तिसऱ्यांदा इच्यारत न्हाईत" असं म्हणाले असते तर माझ्याकडे पुढे काही बोलायला नव्हतं.

"मला गावाला राहायला जायचं नाही," मी म्हणाले. "मला कॉलेज सोडायचं नाही."

वडिलांनी बक्कल उजेडात धरून बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांचे कान लाल झाले होते.

"हे कुठल्या आठवड्यातलं?"

मला आधी कळलंच नाही त्यांनी काय विचारलं ते. मग कळलं.

"चांगल्या," मी म्हणाले.

"मग पक्कं," ते म्हणाले, आणि उठून फळीवरून तिकिटं काढली. माझं रद्द केलं. काकांना फोन केला. मी आतल्या खोलीतून ऐकत होते. "न्हाय न्हाय, ती न्हाय येत. परीक्षा हाय तिची. बी.ए. करतीय ना." आणि मग ते थांबले, पलीकडून काय येतंय ते ऐकायला.

आईने दृष्ट काढणं सोडलेलं नाही, हे सांगायला पाहिजे. गोळीने गोळीचं काम करावं, मिरचीने मिरचीचं, असं तिचं म्हणणं. पण आता कढई घेऊन ती गच्चीवर जाते, म्हणजे धूर कुणाच्या घरात जात नाही. गच्चीवर गेल्यापासून मात्र तिथे आमचा आम्हांलाच खोकला येतो, आणि आई म्हणते, "बघ, आता दृष्ट तेवढी जबर न्हाय ऱ्हायली." मागच्या खेपेला आंटीजी काठी टेकत गच्चीवर आल्या, आता भांडतात की काय असं वाटलं, तर त्या पाटावर बसल्या आणि आईला म्हणाल्या, "चल, मेरी भी उतार दे. घुटनों को लगी है किसी की." आईने गुडघ्यांवरून उतरवताना "पंजाबातल्याची, हरियान्यातल्याची" अशी भर घातली.

ते दिवस अजून येतात. पूर्वी छप्पर पडायचं, आता गळतं. बादली लावून काम चालतं. मागच्या महिन्यात ते नेमके माझ्या सेमिनारच्या सकाळी आले. वर्गासमोर उभं राहून नदीच्या वळणांबद्दल इंग्रजीत बोलायचं होतं. मी रात्रीपासून नकाशा गुंडाळून ठेवला होता, आणि सकाळी उठले तर तो नकाशाही कुणा दुसऱ्याच मुलीने काढल्यासारखा वाटला. मी बूट घालता घालता पायरीवर बसून राहिले. वडील जिन्याखाली स्कूटर पुसत होते.

"आई," मी म्हणाले, "मी कॉलेज सोडते."

आईने आतून डबा आणून माझ्या मांडीवर ठेवला. वरून पाण्याची बाटली ठेवली. मग वडील ऐकत आहेत याची जराही पर्वा न करता, गल्लीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सोड की. पाळी आल्यावर सोड. आत्ता जा, बस चुकंल."